ख्रिस्ती धर्म 'गोऱ्यांचा' म्हणायचा तर ना. वा. टिळकांचं आणि पंडिता रमाबाईंच्या केडगावचं काय करायचं?

आडवाटेचा_वाटसरू

आमच्या शाळेच्या ग्रुपवर नेहमीसारखा एक फॉरवर्ड आला, ख्रिस्ती धर्म म्हणजे गोऱ्यांनी आणलेला तयार माल, इथल्यांनी नुसता घेतला वगैरे. दोघंतिघं भांडले, मग कोणीतरी गणपतीचा फोटो टाकला आणि विषय मिटला. पण सध्या मी नारायण वामन टिळकांबद्दल वाचतोय, आणि तिथे प्रकरण एवढं सरळ दिसत नाही, म्हणून हा धागा. इथे ख्रिस्ती मंडळी पण आहेत आणि इतिहासवाले पण, तेव्हा चर्चा बरी होईल अशी आशा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टिळक १८६१ चे, मूळ कोकणातले, चित्पावन, आधीपासून कवी. बाप्तिस्मा १८९५ ला मुंबईत, आणि मग आयुष्याचा मोठा भाग अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनबरोबर. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगायचे, हे बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. लोक हे वाक्य गोड म्हणून सांगतात आणि पुढे जातात. मला वाटतं त्यात गोडपेक्षा गोची जास्त आहे. पूल तुकारामाचा असेल तर पलीकडे जो ख्रिस्त भेटला तो बोस्टनहून निघालेल्या मिशनऱ्याला भेटलेला ख्रिस्तच असेल का?

मिशनऱ्यांच्या प्रवचनात माणूस म्हणजे गुन्हेगार, देव न्यायाधीश, ख्रिस्ताने शिक्षा भोगली, तू सुटलास, असा कोर्टाचा सगळा मामला. टिळकांच्या अभंगात हे अजिबात नाही असं नाही, पण जीव दुसरीकडे आहे. भेटीची तळमळ, विरह, तू माझ्यात मी तुझ्यात. ख्रिस्ताला ते आई म्हणतात, गुरू म्हणतात, एकाच श्वासात दोन्ही. विठ्ठलाला माउली म्हणायची सवय असलेल्या माणसाला यात काही वेगळं वाटणार नाही, पण तेव्हाच्या प्रोटेस्टंट धर्मशास्त्रात ख्रिस्ताला आई म्हणणं म्हणजे चहात मीठ.

आणि १९१७ ला तर त्यांनी कमालच केली. मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघंही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून चालणार होते! म्हणजे चर्चचं कुंपण कुठे घालायचं हाच प्रश्न उघडला. १९१९ ला ते वारले आणि दरबार विरून गेला, पण प्रश्न गेला का?

तर मला विचारायचंय ते असं, की हे नुसतं धोतर-पागोटं आहे, आत माल तोच, की इथल्या मातीने आतला मालही बदलला?

चिवडा_लिमिटेड

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धागा भांडणात उडायच्या आत एवढंच सांगतो की वाचनखूण साठवली आहे.

फटकळ_पुणेकर

वाटसरूसाहेब, लिहिलंय छान, पण जरा भाबडं आहे. याला मार्केटिंग म्हणतात. रॉबर्ट डी नोबिली नावाचा इटालियन जेझुइट (कॅथलिकांच्या एका मिशनरी संघाचा पाद्री) १६०६ ला मदुरैला आला, भगवी कफनी, शाकाहार, संस्कृत-तमिळ शिकला, मी संन्यासी आहे म्हणून सांगायला लागला. जानवं आणि शेंडी ठेवून ख्रिस्ती होता येईल अशी त्याने सूट दिली, त्यावर त्याच्याच लोकांनी तक्रारी केल्या आणि शेवटी १६२३ ला पोपने त्याच्या बाजूने परवानगी दिली. आता मला सांगा, रोमहून परवानगी मागून जे बदलतात त्याला 'संस्कृतीने घडवलं' म्हणायचं? उद्देश ठरलेला, पॅकिंग स्थानिक. आणि टिळक त्याच लाइनीतले, फक्त कवी चांगले. कवी चांगले होते याबद्दल वाद नाही, शाळेत 'केवढे हे क्रौर्य' पाठ केलेली पिढी आहे आमची.

रेवरंडची_नात

फटकळ, नोबिली आणि टिळक एकाच पंगतीत कसे बसवले तुम्ही? नोबिली बाहेरून आला आणि त्याने इथला वेष घेतला. टिळकांनी काही घेतलं नाही, त्यांच्याकडे होतंच ते. ज्या माणसाला विचार करायला अभंग हेच साधन मिळालंय त्याने अभंगातच देवाचा विचार केला तर त्यात पॅकिंग कुठून आलं.

माझे आजोबा नगर जिल्ह्यात पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते, नेवासा-शेवगावच्या बाजूला. ते कीर्तन करायचे. ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा टिळकांच्याही आधीची आहे, नगरचे कृष्णराव सांगळे यातलं जुनं नाव. पूर्वरंग, उत्तररंग, मधे पदं, मागे टाळ-मृदंग, सगळं रीतसर. आणि माझं निरीक्षण असं आहे की कीर्तनात आलं की गोष्टीचं वजनच बदलतं. रविवारच्या उपदेशात आजोबा मुद्दे मांडायचे, पहिला दुसरा तिसरा. कीर्तनात उधळ्या पुत्राची, म्हणजे घर सोडून सगळं उधळून परत येणाऱ्या मुलाची, गोष्ट घेतली की अर्धा तास बापच रस्त्यावर उभा असायचा, वाट बघत. उधळ्या पुत्र पश्चात्ताप करतो हा भाग दोन ओळीत उरकायचे, कारण कीर्तनात रस कुठे आहे हे श्रोते ठरवतात. आता हे धर्मशास्त्र नाही तर काय आहे? कुठल्या सेमिनरीत, पाद्री घडवायच्या शाळेत, असं ठरलं नव्हतं.

आणि टिळकांना परवानगी कोणी दिली होती हो दरबाराची? पगार सोडल्यावरच केलं ना त्यांनी.

गोराई_खाडी

मी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे जुने मराठी बोलणारे कॅथलिक. आमच्याकडे एवढा विचार करून कोणी काही केलं नाही. पोर्तुगीज आले, बाप्तिस्मे झाले, आडनावं बदलली, पण लग्नात उंबराचं पाणी आजही आणतात, वाजतगाजत, बायका गाणी म्हणत, लुगडं नेसून. पाद्रीबाबांना विचारून कोणी सुरू केलं नाही आणि त्यांनी बंद कर म्हटलं असतं तरी आमच्या म्हाताऱ्यांनी ऐकलं नसतं. धर्म चर्चमध्ये आणि संस्कृती घरात असा काही भाग आम्ही पाडलेला नाही, दोन्हीकडे माणसं तीच. फटकळसाहेब यात मार्केटिंग कुठे बसतं ते सांगा, आम्ही कोणाला विकायला गेलो नव्हतो.

फटकळ_पुणेकर

@गोराई_खाडी, तुमचा मुद्दा वेगळा आहे, ते जुन्या रिवाजाचं टिकून राहणं झालं. त्याने धर्मशास्त्र बदललं असं तुम्हीही म्हणत नाही.

भीमथडी

हा धागा वाचताना मजा वाटतेय, कारण दोन्ही बाजू एकच गोष्ट धरून चालल्यात, की 'इथली संस्कृती' म्हणजे अभंग, संन्यास, जानवं, संस्कृत. अरे पण महाराष्ट्रात ख्रिस्ती झालं कोण? नगर, जालना, औरंगाबाद पट्ट्यात बघा, महार आणि मांग वस्त्यांच्या वस्त्या. टिळकांसारखे ब्राह्मण बोटावर मोजण्याइतके. पण पुस्तकं कोणाची आहेत, गीतं कोणाची आहेत, 'भारतीय ख्रिस्ती विचार' म्हणून जगाला दाखवतात कोणाला? टिळक, ब्रह्मबांधव उपाध्याय (हे बंगालचे, गंमत म्हणजे तेही १८६१ चेच, स्वतःला हिंदू कॅथलिक म्हणवायचे), नेहेम्या गोरे, पंडिता रमाबाई. सगळी वरच्या घरातली माणसं.

आणि नोबिलीचं उदाहरण फटकळांनी दिलं ते बरं झालं, पण अर्धंच दिलं. त्या मदुरै मिशनमध्ये पुढे काय झालं, तर ब्राह्मणांकडे जाणारे संन्यासी पाद्री वेगळे आणि खालच्या जातींकडे जाणारे पंडारस्वामी वेगळे. म्हणजे संस्कृती स्वीकारता स्वीकारता जात पण स्वीकारली. माझ्या माणसाने ज्या गोष्टीतून सुटायला धर्म बदलला तीच गोष्ट 'स्थानिक संस्कृतीचा आदर' म्हणून चर्चमध्ये परत आली, तर त्या आदराचं आम्ही काय करायचं?

१९८१ ला बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये अरविंद निर्मळ यांनी एक भाषण दिलं, शूद्र थिऑलॉजीबद्दल, म्हणजे शूद्रांच्या धर्मशास्त्राबद्दल, पुढे त्यातूनच दलित थिऑलॉजी म्हणून जे ओळखतात ते उभं राहिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं, की भारतीय ख्रिस्ती धर्मशास्त्र म्हणून जे चाललंय ते ब्राह्मणी परंपरेशी बोलतंय, आणि चर्चमध्ये बसलेला माणूस तर दलित आहे. मग येशूकडे बघायचं तर वेदान्ताच्या चष्म्यातून कशाला, जो स्वतः नाकारला गेला, ज्याच्या गावाला आणि बापाच्या धंद्याला लोक हसले, तो येशू दलित म्हणूनच बघा. लॅटिन अमेरिकेतली मुक्तीची थिऑलॉजी पण त्यांना पुरत नव्हती, कारण तिथे वर्ग आहे, जात नाही.

वाटसरू, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर 'हो' आहे, आतला माल बदलतो. पण कोणाची माती, हे आधी विचारा. आणि दरबाराचं म्हणाल तर बाप्तिस्मा न घेता ख्रिस्ताचा शिष्य राहायची सोय कोणाला हवी होती? ज्याला जात सोडल्यावर गमवायला काही होतं त्याला. आमच्याकडे गमवायला नव्हतंच. म्हणजे तेव्हा नव्हतं, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानंतर झालं, कारण ख्रिस्ती झालात तर अनुसूचित जातीचा दर्जा जातो. आता आमच्या भागात कागदावर एक आणि रविवारी एक अशी माणसं आहेत. त्यांचा दरबार कोणी भरवत नाही.

चिवडा_लिमिटेड

पॉपकॉर्न बाजूला ठेवलं. भीमथडी, शेवटचा परिच्छेद जबरदस्त.

जुनी_कात्रणं

भीमथडींशी बरंच सहमत, पण रमाबाईंना त्या यादीत एका ओळीत घालून पुढे जाता येणार नाही. वरच्या घरातल्या होत्या हे खरं, पण त्यांनी टिळकांच्या बरोबर उलटं केलंय, आणि माझ्या मते ते जास्त अवघड होतं.

बाप्तिस्मा झाला १८८३ ला इंग्लंडमध्ये, वाँटेजच्या मठात. पहिल्यापासून तिथल्या सिस्टर जेराल्डीनशी पत्रातून वाद. मांस खाणार नाही. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको? त्रिएकत्वाबद्दल (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) तुमच्या चर्चचं सूत्र आहे म्हणून मी मान्य करणार नाही, मला बायबलमध्ये दाखवा. मी इतक्या कष्टाने एका पुरोहितशाहीतून सुटले ती दुसरीच्या हाताखाली जायला नाही, असा एकंदर सूर. आता हा स्वभाव 'पाश्चात्त्य' म्हणायचा का? मला तर तो अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या मुलीचा वाटतो, जिला बापाने, म्हणजे खरं तर आईनेच, जंगलात बसवून संस्कृत शिकवलं आणि जिने तरुणपणी कलकत्त्याच्या पंडितांसमोर भागवत सांगितलं. शास्त्र स्वतः वाचायचं आणि वादात कोणाला ऐकायचं नाही, ही सवय घेऊन ती चर्चमध्ये गेली.

आणि मग केडगाव. दौंड तालुका, पुणे-सोलापूर रेल्वेवर. मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या मुली, बालविधवा, टाकलेल्या बायका, अनेक जातींच्या. १९०५ च्या जूनमध्ये तिथे ज्याला ते जागृती म्हणतात ती झाली. रात्र रात्र प्रार्थना, रडणं, मोठ्याने एकदम सगळ्यांनी प्रार्थना करणं, अंगात आग आहे असं मुलींनी सांगणं, पुढे अन्य भाषांत, म्हणजे न शिकलेल्या भाषांत, बोलणं. आता जगभरात पेंटेकॉस्टल चळवळीचा (पवित्र आत्म्याच्या अशाच अनुभवावर भर देणारी) उगम म्हणून लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची जागृती सांगतात, ती १९०६ ची. केडगाव आधीचं!

पुढचा भाग तर सिनेमासारखा आहे. मुक्तीत मिनी एब्राम्स नावाची अमेरिकन बाई काम करायची, तिने या सगळ्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. ते तिने चिलीतल्या वालपराइसोला आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला पाठवलं, मेरी हूव्हर तिचं नाव, नवरा विलिस हूव्हर तिथे मेथडिस्ट (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) पाळक. ते वाचून त्यांच्या चर्चमध्ये १९०९ ला तसंच सुरू झालं, मेथडिस्टांनी त्यांना सामावून घेतलं नाही, ते वेगळे झाले, आणि चिलीची पेंटेकॉस्टल चर्चं बरीचशी त्या झाडाच्या फांद्या. म्हणजे दौंड तालुक्यातल्या दुष्काळी मुलींच्या प्रार्थनेचा परिणाम दक्षिण अमेरिकेत! 'गोऱ्यांचा धर्म' वाल्यांनी नकाशावर ही रेघ काढून बघावी.

आणि अजून एक. अमेरिकन पेंटेकॉस्टल लोकांनी पुढे नियमच केला की अन्य भाषेत बोललात तरच पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा खरा. रमाबाईंनी हे मानलं नाही. त्यांचं म्हणणं, देणगी आहे, पण तीच एकमेव खूण नाही. याला म्हणतात धर्मशास्त्रीय भूमिका, आणि ती केडगावात बसून घेतलेली आहे.

फटकळ_पुणेकर

चिलीचं माहीत नव्हतं, इंटरेस्टिंग आहे. पण अंगात येणं, रात्रभर जागर, हे तर आपल्याकडचंच की. मग ते 'इथलं' झालं की 'आत्म्याचं'?

जुनी_कात्रणं

अगदी हाच वाद तेव्हाही झाला, काही मिशनऱ्यांनी याला उन्माद म्हटलं. रमाबाईंनी उत्तर दिलं त्याचा मथितार्थ असा, की भारतीय माणूस भारतीय पद्धतीनेच रडेल आणि प्रार्थना करेल, त्याला इंग्लंडातल्यासारखं गप्प बसवायची गरज नाही. आता तुमच्या प्रश्नातला 'की' काढून टाका, बाईंनी तेच केलं.

वर 'टिळकांच्या उलट' म्हटलं ते यासाठी: शेवटच्या वर्षांत त्या बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, थेट हिब्रू-ग्रीकवरून, आणि खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत काम मुक्तीतल्या बायकांनी केलं. छापून पुरं झालं १९२४ ला, बाई १९२२ लाच गेल्या. त्यात त्यांचा कटाक्ष होता की वेदान्ताचा वास असलेले शब्द नकोत, खेड्यातल्या बाईला कळेल असं साधं मराठी हवं. टिळक संतांची सगळी शिदोरी घेऊन आले, रमाबाईंनी शास्त्रीपणाचं ओझं दारात उतरवलं. दोघं चित्पावन, एकाच काळातले. त्यामुळे 'मराठी ख्रिस्ती धर्मशास्त्र' असं एकवचनी काही नाही.

आडवाटेचा_वाटसरू

वा! धागा काढल्याचं सार्थक झालं.

@भीमथडी, 'कोणाची माती' हा प्रश्न मी विचारलाच नव्हता आणि तोच खरा आहे. त्याला जोडून जरा मागे जातो, गोव्यात. थॉमस स्टीफन्स या इंग्लिश जेझुइटाचं ख्रिस्तपुराण, १६१६, रायतूरला छापलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या. 'भासांमाजि चोखळा भासा मराठी' हे आपण मराठी दिनाला छाती फुगवून फॉरवर्ड करतो. पण त्याच साष्टीत (गोव्यातली, रायतूर जिथे येतं ती) १५६७ च्या सुमारास देवळं पाडली गेली होती, १५८३ ला कुंकळ्ळीत पाच जेझुइटांना लोकांनी मारलं आणि मग पोर्तुगीजांनी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून गावकऱ्यांच्या पुढाऱ्यांना मारलं. स्टीफन्स तेव्हा तिथेच होता. पुराणाच्या सुरुवातीलाच एक नवख्रिस्ती ब्राह्मण म्हणतो की जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्हाला वाचायला दुसरं काहीतरी द्या. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. पुराण हवंच हा हट्ट लोकांचा आहे. बळजबरी आहे, सत्ता आहे, आणि तरीही गोष्ट कोणत्या साच्यात येणार हे हरलेल्या माणसाने ठरवलं. फटकळ म्हणतात तसा उद्देश वरून ठरलेला होताच, ते नाकारत नाही. पण ओवीत लिहायचं तर एकनाथाच्या पावलावर पाऊल ठेवावं लागतं, आणि ओवी फुकट येत नाही, आपल्याबरोबर बरंच काही आणते.

उलटा प्रवास पण आहे. जस्टिन अॅबट, अमेरिकन मराठी मिशनचाच, मिशनच्या ज्ञानोदय या नियतकालिकाचा संपादक होता. आयुष्यभर इथे धर्मप्रसार केला आणि निवृत्त होऊन अमेरिकेत गेल्यावर काय केलं, तर एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम यांची इंग्रजी भाषांतरं, पुस्तकामागून पुस्तक. कोणी कोणाला बदललं म्हणायचं?

गोराई_खाडी

अवांतर: आंजेलो दा फोन्सेका नावाचा गोव्याचा चित्रकार होता, शांतिनिकेतनला शिकलेला. मरियेला साडी नेसवून, कोकणी बाईसारखी काढायचा. गोव्यातल्या आपल्याच लोकांना ते सहन झालं नाही, मग तो पुण्याला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिला. पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये त्याचा मोठा संग्रह आहे, गोव्याला गेलात तर बीचवरून दोन तास काढा. आमच्या घरातली मारियामाय अजून निळ्या झग्यातच आहे म्हणा.

रेवरंडची_नात

@भीमथडी, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि लगेच लिहिलं नाही. आम्हीही मांग वस्तीतलेच, पणजोबांच्या वेळी ख्रिस्ती झालो, दुष्काळात. त्यामुळे जे लिहिलंत ते मला कोणी पुस्तकातून सांगायला नको.

तरी एक विचारते. टिळकांची गीतं गेली शंभर वर्षं कोणी गायली? चित्पावनांनी? उपासना संगीत (चर्चमधल्या गीतांचं पुस्तक) घेऊन दर रविवारी उभे राहतात ते तुमच्या-माझ्या घरातले लोक. आमच्याकडे मयताला टिळकांचं गीत, बारशाला टिळकांचं. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, तिला पन्नासेक पाठ होती आणि चाली तिने स्वतःच्या लावलेल्या, ढोलकीवर, मूळ चाल ऐकली तर टिळकांनीच ओळखली नसती. मग ती गीतं आता कोणाची? लिहिणाऱ्याची जात लावूनच मोजायचं तर आजीने जे केलं ते हिशेबात येतच नाही.

टिळकांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं पण बघा ना. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या पंढरपूरला राहिल्या, सोवळं कडक. आणि जात माणसांनी केलेली आहे, देवाने नाही, हे त्यांना उमगलं ते बाप्तिस्म्याच्या आधी, कोणी उपदेश न करता. स्मृतिचित्रेमध्ये त्यांनीच लिहिलंय.

भीमथडी

ताई, आजीच्या ढोलकीला सलाम. गीतं आपली झाली हे शंभर टक्के मान्य, आणि निर्मळांना हवं होतं ते धर्मशास्त्र कदाचित तिथेच होतं, आजीच्या चालीत, फक्त ते कोणी उतरवून घेतलं नाही. माझं भांडण टिळकांशी नाही. ज्यांनी 'भारतीय ख्रिस्ती संगीत' म्हणून टिळकांवर पीएचड्या केल्या आणि ढोलकीवाल्या आजीकडे टेपरेकॉर्डर घेऊन कधी गेले नाहीत त्यांच्याशी आहे.

आणि लक्ष्मीबाईंना उमगलं हे मोठंच आहे. पण चर्चला उमगलंय का ते विचारा. आमच्याकडे महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात सोयरिका होतात का? तुमच्याकडे होतात?

रेवरंडची_नात

कमी. होतात, पण कमी. आणि झाली की वर्षभर बोलतात लोक.

फटकळ_पुणेकर

हे प्रामाणिक आहे. माझा मूळ मुद्दा कायम आहे की मिशन म्हटलं की पैसा आणि सत्ता आलीच, पण 'नुसतं पॅकिंग' हा शब्द आजीच्या बाबतीत लागू होत नाही एवढं म्हणतो. ताई, त्या चालींचं काही रेकॉर्डिंग आहे का?

रेवरंडची_नात

आजी गेली. पण मावशीला येतात त्यातल्या बऱ्याच, शेवगावला असते. नाताळात जाणार आहे, फोनवर घेऊन बघते. ढोलकी वाजवणारा शोधावा लागेल, मावसभाऊ आता चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतो आणि ड्रम पॅड लावतो.

भीमथडी

ढोलकीवाला मी आणतो. तारीख कळवा.